पाहुण्याचं पाणी

माझ्या कामाला नोकरी म्हणावं की नाही, इथूनच माझी अडचण सुरू होते. या अंकात ज्यांचे अनुभव छापून येतात ती माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं एका कामात मुरलेली असतात. मी अजून कॉलेजात आहे. तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत मी पुण्याच्या एका लहानशा सेवामंडळाचं काम केलं, एवढीच माझी पुंजी. संपादकांना मी तसं कळवलं आणि हेही कळवलं की त्या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, "मग तीच लिहा." म्हणून धीर करून लिहितो आहे.

मी देवळाली प्रवरेकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील अजून अंगठा उठवतात. आमच्याकडे कालव्याचं पाणी शेताच्या कडेनं वाहतं, त्यामुळे पाणी ही विचार करण्याची गोष्ट असते हे मला ठाऊकच नव्हतं. नारू हा शब्द मी पहिल्यांदा मंडळाच्या खोलीत ऐकला, आणि पहिला नारू पाहिला तो जामखेड तालुक्यात, खर्ड्यापासून तीन-चार कोसांवरच्या एका गावी. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्या माणसांनी मला सांभाळून घेतलं आहे. त्यांची चर्चा चारचौघांत होऊ नये असं मला वाटतं.

ज्यांच्या भागात नारू नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात. त्यांच्या पोटात नारूचं बी असतं. ते पाणी न गाळता प्यालं की बी माणसाच्या अंगात जातं आणि वर्षभर गुपचूप वाढतं. पुढच्या उन्हाळ्यात पायावर फोड येतो, आगीसारखी जळजळ होते, आणि फोड फुटून त्यातून दोऱ्यासारखा लांबलचक जंत डोकं काढतो. ओढून काढता येत नाही. तुटला तर आत पू होतो. काडीला गुंडाळायचा, आणि रोज बोटभर, अर्धं बोट, असा हळूहळू बाहेर काढायचा. यात महिना जातो, तोवर माणूस बाजेवर. आणि जळजळ थांबावी म्हणून तो काय करतो? बारवेच्या पायऱ्या उतरतो आणि पाय पाण्यात सोडून बसतो. तेवढ्यात नारू आपलं सगळं बी पाण्यात टाकून मोकळा होतो. तेच पाणी सारं गाव पितं.

यावर औषध नाही. उपाय दोनच. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यायचं; आणि बारवेच्या पायऱ्या बांधून बंद करायच्या, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही, वरून रहाटानं पाणी ओढावं लागेल. हे सांगायला सरकारचा माणूस त्या गावापर्यंत पोचत नव्हता. मंडळाजवळ तरी काय होतं? वर्गणी देणारे थोडे लोक, एक डॉक्टर, पट्ट्यांची पेटी आणि सुट्टीत रिकामी असलेली आमच्यासारखी मुलं. हुकूम करण्याची ताकद नव्हती. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "आपल्याला फक्त सांगता येतं, आणि पुन्हा सांगता येतं." दुसरी गोष्ट ते नेहमी सांगायचे: "या रोगात आज प्यालेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात बोलतं. घाईनं खूश होऊ नका." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. वहीतच राहिलं.

पहिल्या उन्हाळ्यात लढाई नुकतीच संपली होती आणि कापडाला रेशन होतं. गावात बायका लुगड्याला लुगडं जोडून नेसत होत्या. अशा दिवसांत मंडळानं कुठूनतरी मांजरपाटाचं एक ठाण मिळवलं आणि माझ्या हवाली केलं. घरटी हातभर फडकं द्यायचं, कसं गाळायचं ते दाखवायचं, आणि मग घरोघर जाऊन पाहायचं की गाळतात की नाही. पाहिलं की वहीत त्या घरापुढे 'पाहिलं' लिहायचं.

मी ठकूबाईंच्या ओसरीवर उतरलो होतो. ठकूबाई पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ. घरात मुलगा किसन आणि सून चंद्रभागा. चंद्रभागेचं वय असेल विशीचं. तेव्हा तिच्या घोट्याला नारू होता आणि काडी बांधलेला पाय ओढत ती भाकऱ्या थापत होती. मी पोचलो त्या दिवशी ठकूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"येवढा शिकला आन् पानी गाळा म्हून सांगत हिंडतुया! तुज्या बापानं ह्याच्यासाठी धाडलं व्हय कालिजात?"

मला हसू आलं, कारण माझ्या वडिलांनीही निघताना नेमकं हेच विचारलं होतं. मी फडकं दिलं, दाखवलं. ठकूबाईंनी ते बोटांत चोळून पाहिलं, उजेडात धरलं, आणि आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी मागितलं की हाक यायची, "अगं चंद्रे, मास्तरास्नी पानी दे. गाळून दे, न्हाईतर लिवतील वहीत!"

मी मास्तर नव्हतो, पण गावानं ते नाव दिलं ते दिलंच. घरोघर तसंच. मी उंबऱ्यात दिसलो की फडकं निघायचं, तांब्याच्या तोंडावर पसरायचं, पाणी ओतलं जायचं. मी प्यायचो, 'पाहिलं' लिहायचो. कधी कधी एका दुपारी पोटात पाणी मावेनासं व्हायचं. फक्त महारवाड्यातल्या घरांपुढे मी 'पाहिलं नाही' लिहिलं. तिथे मी फडकी वाटली होती, मोकळ्या जागेत उभं राहून नीट समजावूनही दिलं होतं, पण कुणाच्या दारात जाऊन पाणी मागितलं नव्हतं. त्या बायकांना बारवेत उतरायची बंदी होती. काठावर घागरी मांडून त्या बसायच्या आणि कुणी ओतलं तर न्यायच्या. हे मला खटकलं नाही असं नाही. पण मी परक्या गावात होतो, पाटलांच्या मर्जीनं राहात होतो, आणि खरं सांगायचं तर घरून जे शिकून आलो होतो ते अंगातून गेलं नव्हतं.

सुट्टी संपताना डॉक्टरसाहेबांनी वही चाळली. मंडळाला परवान्यावर एका विहिरीपुरतं सिमेंट मिळालं होतं. दोन गावांची नावं समोर होती.

"इथं सगळीच गाळतात?" त्यांनी विचारलं. "तू स्वतः पाहिलंस?"

"हो. महारवाडा सोडला तर घरोघर."

"मग सिमेंट दुसऱ्या गावाला देऊ. तिथं कुणी ऐकत नाही. इथं कापडावर भागेल."

मला अभिमान वाटला. परतीच्या वाटेवर सबंध प्रवासात मी तोच विचार करत होतो, की एका गावाचं काम माझ्या हातून झालं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी गेलो तो जवळजवळ धावतच. ओसरीवर पाऊल ठेवलं आणि आतून कण्हणं ऐकू आलं. चंद्रभागा बाजेवर होती. या खेपेला नारू गुडघ्यापाशी निघाला होता आणि काढताना तुटला होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, पाय मुडपलेला, अंगात ताप. ठकूबाई लिंबाच्या पाल्याचं पोटीस घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बस. चंद्रा न्हाई उठायची. मीच देते पानी." त्यांनी खुंटीवरचं फडकं काढलं, गाळलं, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि पाला आणायला बाहेर पडल्या.

गाळून पिणाऱ्या घरात नारू कसा?

"मास्तर," चंद्रभागा म्हणाली, "जरा पानी द्या की."

मी माझाच तांब्या उचलला.

"ते न्हाई. ते तुमचं हाय. आमचं रांजनातलं."

"एकच ना, वहिनी?"

"एक कसं आसंल? तुमचं गाळल्यालं हाय."

"आणि घरचं?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. तापातही ती थोडी हसली. "घरच्यास्नी कशाला? बगा तरी कसलं पांढरंफेक कापड हाय. आत्याबाई म्हनत्यात, रोज वापरलं तर दिवाळीपत्तुर ऱ्हायचं न्हाई. मग पाव्हनं आलं, डागदर आलं, त्यास्नी काय गढूळ पाजायचं?"

खुंटीकडे पाहिलं. फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. वर्ष झालं तरी मी दिलं होतं तसंच, शुभ्र.

मी त्या घरातून उठलो आणि पुन्हा घरोघर गेलो. यावेळी एकच प्रश्न विचारला, "घरची माणसं कुठलं पाणी पितात?" प्रत्येकानं सरळ सांगितलं, "रांजनातलं. तसंच." कुणी काही लपवलं नाही. आधीही लपवलं नव्हतं. मी दारात आलो की पाहुणा म्हणून माझा मान राखत होते, आणि मी तो मान वहीत उतरवून घेत होतो. बहुतेक घरांत कुणी ना कुणी बाजेवर होतं, आणि पेरणी तोंडावर आलेली.

शेवटी महारवाड्यात गेलो. तिथे मला बाजेवर पडलेलं कुणी दिसेना. सखूबाई नावाच्या एक वयस्क बाई दारात शेण थापत होत्या. मी फडक्याचं विचारलं. त्यांनी हात पुसले आणि आतून ते आणलं. मातकट झालेलं, विरून जाळीसारखं झालेलं, म्हणून चार पदरी घडी घालून कडेनं टाचलेलं.

"हे रोज वापरता, सखूबाई?"

"रोज न वापरून कुनासाठी ठिवू?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पानी प्यायला कोन पाव्हना येतुया, मास्तर?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तेच जास्त लागलं. ऊन रणरणत होतं, घशाला कोरड पडली होती, आणि रांजण चार हातांवर होता. तरीही मी पाणी मागितलं नाही. मनाशी म्हणालो, गावाला कळलं तर लोक दारं बंद करतील आणि काम बुडेल. कारण खोटं नव्हतं. पण ते पुरेसं होतं असं मला आज म्हणवत नाही.

डॉक्टरसाहेबांना मी चिठ्ठी धाडली. दोन दिवसांनी ते आले. चंद्रभागेच्या गुडघ्यातला पू त्यांनी काढला, सल्फाच्या गोळ्या दिल्या. ठकूबाईंनी विचारलं, "चालंल का?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "ताप उतरेल. पाय सरळ होईल की नाही ते तुमच्या हातात आहे. रोज शेकायचा, आणि ती ओरडली तरी रोज थोडा थोडा सरळ करायचा."

मग बाहेर येऊन मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू पाहुणा म्हणून पाहिलंस. मी पाहुणा म्हणून वाचलं. मीही कधी विचारलं नाही की घरचे काय पितात." मग म्हणाले, "सिमेंट मात्र गेलं. आता पुढच्या वर्षाआधी नाही. हे गावाला तू सांग."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या होत्या. मी उभा राहिलो. सांगितलं, की सिमेंट तुमच्या बारवेला मिळणार होतं, माझ्या वहीमुळे ते दुसरीकडे गेलं. आणि हेही सांगितलं, की महारवाड्यात फडकं रोज वापरलं, तिथे यंदा नारू जवळजवळ नाही.

मग रामजी पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "मास्तर, आमची बारव कुनी बांधली?"

"माहीत नाही."

"मला बी न्हाई म्हाईत. पन त्याच्यापाशी सिमिट नव्हतं, येवढं नक्की."

हशा पिकला आणि कामाची बोलणी सुरू झाली. चुना भाजता येत होता, मळायची दगडी घाणी गावाबाहेर पडून होती, बैल रिकामे होते. पण एक म्हातारे आडवे आले. बारवेच्या तळाशी, पाण्यालगतच्या कोनाड्यात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवतांचे, शेंदरी दगड होते. पायऱ्या बांधल्या तर बाळंतिणींनी खण-नारळ कुठे ठेवायचा? आसरा कोपल्या तर? पुष्कळांच्या माना हलल्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात भिंतीआडून ठकूबाई पुढे आल्या. एवढ्या पुरुषांपुढे त्या कधी बोलल्या नसतील.

"माज्या सुनंचा पाय आखडला तवा आसरा खाली बसून काय करत हुत्या?" त्या म्हणाल्या. "त्यास्नी वर आना. काटावर बसवा. रातध्याड पाय पान्यात घालून त्यास्नी बी नारू व्हयाचा येखांदा!"

पार हसला. म्हातारेही हसले. पण ठकूबाई हसल्या नाहीत. खाली पाहून म्हणाल्या, "फडकं खुंटीला आन् पानी रांजनातलं. माज्या हातानं पाजलं मी तिला." मग माझ्याकडे पाहिलं. "तू नुसतं लिवलंस, बाबा. पाजलं मी."

त्या वाक्यानं त्या माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन.

मृग लागण्याआधी काम झालं. आसरा वाजतगाजत वर आल्या. पायऱ्यांच्या तोंडावर दगड-चुन्याची भिंत उभी राहिली, वर रहाट बसला. मी पाटलांना एकट्यात विचारलं, "महारवाड्याचा दोर या रहाटावर पडेल ना?" ते म्हणाले, "एका वक्ताला एक भिंत, मास्तर." भिंतीबाहेर एक दगडी डोण ठेवून तीत पाणी ओतायचं ठरलं. मी पुढे वाद घातला नाही. माझ्या कामाची ही उणी बाजू आहे, आणि ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं खरं होणार नाही.

त्या सुट्टीचे उरलेले दिवस रोज सकाळी ओसरीवर एकच आवाज असायचा. ठकूबाई सुनेचा पाय शेकून सरळ करायच्या. चंद्रभागा ओरडायची, "सोडा वो आत्याबाई, मरते मी!" आणि ठकूबाई म्हणायच्या, "मर, पन पाय सरळ करून मर." दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहात असायचं. मी निघालो तेव्हा गुडघा अर्धाच उघडला होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे यंदा, मी धावत गेलो नाही. भीत भीत गेलो. गावात शिरण्याआधी बारव लागते. रहाटाचा करकर आवाज येत होता. काठावर पाठमोरी एक बाई दोर ओढत होती. तिनं घागर कमरेवर घेतली आणि वळली. चंद्रभागा होती. डावा पाय किंचित ओढत चालत होती, पण चालत होती. घागर भरलेली होती.

"मास्तर! तितंच हुबं काय ऱ्हायला? चला की घरी."

गावात थोडे नारू यंदाही होते. ते भिंत बांधण्याआधी प्यालेल्या पाण्याचे. पुढच्या उन्हाळ्यात काय होतं ते पाहायचं आहे. मी घाईनं खूश होणार नाही, एवढं आता शिकलो आहे.

ओसरीवर बसलो. तांब्या आला नाही. ठकूबाईंनी आतूनच हाक मारली, "घे तुज्या हातानं. रांजनात हाय." रांजणाच्या तोंडाला ते मांजरपाट बांधलेलं होतं, पिवळं पडलेलं, मधोमध ठिगळ लावलेलं. मी रांजणापाशी उभाच राहिलो.

"इचार की आता, घरच्याचं कुटलं म्हून!" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "येगळं काय न्हाई. तू बी त्येच पी."

प्यालो. मग टोपी घातली.

"आल्या पावली कुठं निघाला?"

"सखूबाईंकडे," मी म्हणालो. जरा अडखळलो, पण म्हणालो, "पाणी प्यायला."

चंद्रभागा हातातलं काम थांबवून सासूकडे पाहात राहिली. मी उंबरा ओलांडला तेव्हा पाठीमागून आवाज आला, "ऊन लई हाय. टोपीवरनं रुमाल बांध."

सखूबाई दारातच होत्या. मी म्हणालो, "मावशी, पाणी द्या."

त्यांनी आधी वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, तुमच्यासाठी येगळं फडकं न्हाई माज्यापाशी."

"तेच पाहिजे."

तांब्या लख्ख होता, तरी त्यांनी तो राखेनं पुन्हा घासला. चार पदरांचं ते फडकं तोंडावर धरलं आणि पाणी ओतलं. धार थांबल्यावर मी तांब्या तोंडाला लावला. पाणी किंचित मचूळ होतं. ठकूबाईंच्या रांजणातलंही तसंच होतं, बारव एकच.

मी रिकामा तांब्या पुन्हा पुढे केला. वही पिशवीतच होती.